विडिया : हिऱ्यासारखं, पण कोणाच्या हातात?



या वीकांताला जरा लोखंडी विषय घेतोय. मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणाऱ्यांची जी मोठी फौज आपल्याकडे आहे, त्यातलाच मी एक. त्यामुळे अधूनमधून जुनं प्रेम उफाळून येतं, तेवढं सहन करा :)

विषय आहे पंच. बॉक्सिंगमधला नाही आणि ग्रामपंचायतीतला तर अजिबात नाही. पत्र्याला भोक पाडणारा, पत्रा कापणारा, त्याला आकार देणारा पंच. ऑफिसात कागदाला दोन भोकं पाडायचं यंत्र असतं ना, तोच प्रकार, फक्त कागदाच्या जागी पोलादाचा पत्रा आणि हाताच्या जागी टनांमध्ये मोजायचं प्रेस. वरून खाली येतो तो पंच, खाली बसलेली ती डाय, आणि दोघांच्या मध्ये सापडतो तो पत्रा. पंख्याच्या मोटरच्या आतल्या चकत्या, प्लगमधल्या पितळी पट्ट्या, वॉशर, कोल्ड्रिंकचा कॅन, सगळं या दोघांच्या मधून निघतं. आपल्या घरातल्या अर्ध्या वस्तू कधी ना कधी कुठल्या तरी पंचखाली गेलेल्या असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता प्रश्न असा की पोलादाला भोक पाडायचं तर ते पाडणारा पंच कशाचा करायचा? उत्तर वरवर सोपं आहे. त्याहून कडक पोलादाचा. पण किती कडक आणि किती दिवस टिकणारा? इथे थोडं गणित करू. घाबरू नका, आठवीच्या पुढचं नाही.

भोक पाडायला लागणारा जोर म्हणजे भोकाचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ. साध्या पोलादी पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ ३५० मेगापास्कल धरा. १ मिमी पत्र्यात १० मिमीचं भोक पाडायला साधारण १.१ टन जोर लागतो. तो पंचच्या तोंडावर पसरला की दाब होतो १४० मेगापास्कल. काहीच नाही, कुठलंही पोलाद हसत सहन करेल. आता २ मिमी जाड पत्र्यात २ मिमीचं भोक पाडा. जोर उलट कमी लागतो, साडेचारशे किलोच्या आसपास. पण पंचचं तोंड इतकं बारीक झालंय की दाब जातो १,४०० मेगापास्कलवर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चौदा टन! आणि हे एकदा नाही. प्रेस मिनिटाला २०० स्ट्रोक मारत असेल तर आठ तासांच्या एका शिफ्टमध्ये जवळजवळ एक लाख वेळा.

बरं, नुसता दाब असता तरी चाललं असतं. पंच वर जाताना पत्रा त्याला घट्ट धरून ठेवतो, म्हणजे त्याला ओढही बसते. पत्रा कातरला जाऊन अचानक सुटतो तेव्हा सगळ्या प्रेसला हिसका बसतो. शिवाय प्रत्येक स्ट्रोकला पंचची बाजू पत्र्यावर घासली जाते. धार गोल झाली की भोकाच्या कडेला बर येते, बर आली की पार्ट रिजेक्ट. मग प्रेस थांबवा, डाय उतरवा, पंचला पुन्हा धार लावा, डाय चढवा, सेटिंग करा. प्रेस शॉपमध्ये खरा पैसा पंचमध्ये जात नाही, तो या थांबण्यात जातो. (सर्व्हर डाउनटाइमचं दुःख आम्हीच भोगतो असं आयटीवाल्यांना वाटतं. एखाद्या प्रेस शॉपच्या मालकाला विचारा.)

यावरचा तोडगा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा पंच. पण तो तुम्ही कुठल्याही जुन्या वर्कशॉपमध्ये या नावाने मागितलात तर समोरचा क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. तिथे त्याला म्हणतात 'विडिया'. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये टर्निंग शिकवणारे काका "एचएसएस काढ, विडिया लाव" म्हणायचे, तेव्हा मला हा कुठला तरी देशी शब्द वाटायचा. भिंतीला भोक पाडायचं ड्रिल घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलात तरी "विडियाची टीप आहे" असं दुकानदार सांगतो. हा शब्द मुळात जर्मन आहे, आणि त्याच्या मागे जो इतिहास आहे तो एखाद्या थ्रिलरपेक्षा कमी नाही. आजचा लेख त्यावरच.

सुरुवात होते विजेच्या दिव्यापासून. टंगस्टन हा सगळ्यात उशिरा वितळणारा धातू, ३,४०० अंश सेल्सिअसच्याही वर. म्हणून दिव्याच्या तारेला उत्तम. पण तो इतका ठिसूळ की त्याची तार काढणं म्हणजे शिक्षा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिज यांनी १९१० च्या आसपास त्याला ओढण्याजोगा करून दाखवला. तार ओढायची म्हणजे ती एकाहून एक बारीक भोकांमधून खेचत न्यायची, आपल्याकडे सोनार जंत्रीतून तार काढतात तशी. पण टंगस्टनची तार कुठल्याही पोलादी भोकाला खाऊन टाकते. म्हणून ती भोकं हिऱ्याची असायची.

पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत हिरे आणायचे कुठून? युद्ध हरलेलं, चलन घसरत चाललेलं, आणि दिव्यांच्या कारखान्यांना तर रोज तार हवी. बर्लिनच्या ओसराम कंपनीच्या संशोधन विभागाला म्हणून हिऱ्याला पर्याय हवा होता. ('ओसराम' हे नावसुद्धा ऑस्मियम आणि वोल्फ्राम या दोन धातूंवरून. वोल्फ्राम म्हणजे जर्मनमध्ये टंगस्टन.)

पर्याय ठाऊक नव्हता असं नाही. फ्रान्सच्या आंरी म्वासाँ यांनी १८९० च्या दशकातच विजेच्या भट्टीत टंगस्टन आणि कार्बन एकत्र करून कार्बाइड बनवलं होतं. ते कृत्रिम हिरा करायच्या मागे होते, वाटेत हे सापडलं. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल जाणाऱ्या मोजक्या पदार्थांतलं एक. पण उपयोग शून्य, कारण कडक तितकंच ठिसूळ. हातोडीचा एक ठोका आणि चुरा. पुढची सुमारे तीस वर्षं ते शुद्ध स्वरूपात कामाला लावायचे प्रयत्न झाले आणि फसले.

ओसरामच्या कार्ल श्रोटर यांनी मार्च १९२३ मध्ये पेटंटचा अर्ज केला, त्यात युक्ती होती ती अशी. कार्बाइड वितळवायच्या भानगडीत पडूच नका. त्याची बारीक पूड करा. तिच्यात दहा टक्क्यांपर्यंत कोबाल्ट, निकेल किंवा लोखंडाची पूड मिसळा. साच्यात दाबा आणि तापवा. कार्बाइडचे कण तसेच राहतात, पण कोबाल्ट वितळून त्यांच्यामध्ये पसरतो आणि थंड झाल्यावर सगळ्यांना धरून ठेवतो.

लोणावळ्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा. शेंगदाणे म्हणजे कार्बाइडचे कण, गुळाचा पाक म्हणजे कोबाल्ट. फरक एवढाच की इथे शेंगदाणे गुळापेक्षा कितीतरी कडक आहेत, आणि भट्टीतून निघेपर्यंत आख्खी चिक्की आकसते. शंभर मिमीचा दाबलेला तुकडा भट्टीतून साधारण ब्याऐंशी मिमीचा होऊन बाहेर येतो. सगळी भोकं, सगळी हवा बुजून जाते. वजन बघाल तर त्याच आकाराच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. ताठपणा पोलादाच्या सुमारे तिप्पट. आणि दाब सहन करायची ताकद ४,००० मेगापास्कलच्या घरात. वरच्या गणितातले १,४०० आठवा.

चिक्कीत गूळ किती घालायचा हाच सगळा खेळ. सहा टक्के कोबाल्ट घातला तर वस्तू अतिशय कडक, लेथच्या टूलला आणि तार ओढायच्या डायला उत्तम. पण प्रेसचे धक्के खायचे असतील तर पंधरा, वीस, कधी पंचवीस टक्क्यांपर्यंत जावं लागतं. कडकपणा थोडा जातो, पण पंच तुटत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात कडक हत्यारांपैकी एक कामाला आलं ते त्याच्यात मऊ काहीतरी मिसळल्यावर. मला हा भाग फार आवडतो, पण त्यावर प्रवचन देणार नाही, तुम्ही समजून घ्या :)

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. हे मटेरियल जन्मलं ते धातू कापण्यासाठी नव्हे, तर धातूला आकार देण्यासाठी, तार ओढण्यासाठी. पंच आणि डाय हे त्याचं मूळ घराणं. लेथवर जाऊन नाव कमावलं ते नंतर.

ओसरामला दिवे विकायचे होते, हत्यारं नव्हे. म्हणून हक्क गेले एसेनच्या क्रुप कंपनीकडे. क्रुप म्हणजे जर्मनीची तोफा ओतणारी कंपनी. तिने १९२६ पासून हा माल बाजारात आणला आणि नाव दिलं 'विडिया', जर्मनमधल्या 'वी दिआमांट'चं लघुरूप. अर्थ, हिऱ्यासारखं. १९२७ च्या लाइपझिगच्या जत्रेत विडियाचं टूल कास्ट आयर्न आणि पोलाद कापताना लोकांनी पाहिलं आणि खळबळ उडाली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या हायस्पीड स्टीलने जो धक्का दिला होता, तसाच हा दुसरा. हायस्पीड स्टीलने कापण्याचा वेग काही पट वाढवला होता, विडियाने तो परत काही पट वाढवला.

इथपर्यंत ही शोधाची गोष्ट होती. आता ती पैशाची होते.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकला या शोधाचा सुगावा लवकर लागला, कारण तीही दिव्यांची कंपनी आणि ओसरामशी तिचे जुने संबंध. जी.ई.ने 'कार्बोलॉय' नावाने माल काढला. आता दोन मोठ्या कंपन्या, एकच माल, समोर आख्खं जग. स्पर्धा होणार, भाव पडणार, बरोबर? चूक. १९२८ मध्ये दोघांनी करार केला. अमेरिकेचा बाजार जी.ई.चा, क्रुप तिथे स्वतंत्रपणे विकणार नाही, आणि अमेरिकेतला भाव ठरवायचा अधिकार जी.ई.ला. बदल्यात क्रुपला रॉयल्टी. करारापूर्वी अमेरिकेत हा माल साधारण ५० डॉलर पौंडाने मिळत होता. करारानंतर भाव झाला ४५३ डॉलर पौंड.

परत वाचा. पन्नासवरून चारशे त्रेपन्न. मटेरियल तेच, भट्टी तीच, चिक्की तीच.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढला. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. म्हणजे भाव पडला बरोब्बर ग्रॅमला एक डॉलर! आता या भावाने पंचचा हिशोब करू. २० मिमी व्यासाचा, ६० मिमी लांबीचा साधा गोल पंच. आकारमान जवळजवळ १९ घन सेंटीमीटर, पंचच्या ग्रेडची घनता १४ धरली तर वजन साधारण २६४ ग्रॅम. म्हणजे २६४ डॉलर, नुसत्या मटेरियलचे, अजून त्याला घासून आकार द्यायचाच आहे. जुन्या भावाने हाच तुकडा तीस डॉलरच्या आत आला असता. तुलनेसाठी, १९३२ साली फोर्डच्या नव्या व्ही-८ गाडीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ४६० डॉलरला होतं. दोन पंच घ्या किंवा एक मोटारगाडी घ्या आणि वर पेट्रोलला पैसे उरवा!

लेथच्या टूलला विडियाची टिकली लागते काही ग्रॅमची. पोलादी दांड्यावर ती ब्रेझिंग करून बसवली की झालं. महाग असली तरी परवडते. पंच आणि डायला मात्र आख्खा गोळा लागतो. त्यामुळे हा भाव सगळ्यात जड पडणार तो प्रेस शॉपला. ज्या कामासाठी हे मटेरियल जन्मलं, त्याच कामाच्या दारात पावकिलोला मोटारगाडीच्या निम्म्या किमतीची पाटी लागली. तांत्रिक अडचणीही होत्या, त्या पुढे सांगतो. पण भावाची अडचण निसर्गाने घातलेली नव्हती, ती दोन कंपन्यांनी कागदावर सही करून घातली होती.

आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. डेटाबेसचं लायसन्स एकाच कंपनीकडून घ्यावं लागतं, मग ती म्हणेल तो भाव. आपण चडफडतो, मग कोणीतरी ओपन सोर्स पर्याय काढतो. १९३० च्या दशकातला डेट्रॉइटचा छोटा टूल रूमवाला काय करणार होता? पेटंट असताना त्याने स्वतः भट्टी लावली तर थेट कोर्टात.

आणि तसंच झालं. डेट्रॉइटमधल्या एका लहान कार्बाइड टूल कंपनीवर जी.ई.ने पेटंटभंगाचा खटला भरला. १९४० मध्ये निकाल लागला आणि झालं उलटंच, न्यायालयाने जी.ई.ची ती पेटंटंच अवैध ठरवली. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने कटकारस्थान करून भाव चढवल्याबद्दल जी.ई.वर फौजदारी आरोप ठेवले. दरम्यान पेनसिल्व्हेनियात फिलिप मकेना नावाच्या माणसाने टंगस्टन आणि टायटॅनियम दोन्ही वापरून पोलाद कापायला जास्त चांगलं कार्बाइड बनवलं होतं आणि १९३८ मध्ये स्वतःची कंपनी काढली होती. तीच आजची केनामेटल. हे नाव लेखाच्या शेवटी परत येणार आहे.

तेवढ्यात महायुद्ध पेटलेलं होतं. युद्ध म्हणजे काडतुसं, तोफगोळे, विमानांची इंजिनं, रणगाडे, आणि त्या सगळ्याच्या मागे लेथ, प्रेस, पंच, डाय. जो देश धातू जास्त वेगाने कापतो आणि दाबतो, तो जास्त शस्त्रं काढतो. अमेरिकन सरकारचं दुखणं नेमकं हेच होतं. जर्मनीतल्या कारखान्यांना विडिया स्वस्तात मिळत होतं आणि तिथे ते भराभर पसरलं. अमेरिकेतल्या कारखान्यांना तोच माल दहा वर्षं सोन्याच्या भावाने घ्यावा लागला. आणि त्यावरची रॉयल्टी जात होती जर्मनीच्या तोफांच्या कारखानदाराला.

पण जर्मनीचंही घोडं एका ठिकाणी अडलं. विडिया बनवायला टंगस्टन लागतं आणि जर्मनीकडे ते पुरेसं नव्हतं. त्यात चिलखत फोडणाऱ्या तोफगोळ्यांचा गाभासुद्धा टंगस्टन कार्बाइडचाच करत होते. एक गोळा उडवला की किलोभर टंगस्टन गेलं, ते हत्यारासारखं वर्षभर वापरता येत नाही. माल यायचा मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमधून, म्हणजे तटस्थ देशांतून. ब्रिटन आणि अमेरिका तिथे जाऊन गरज नसतानाही टंगस्टन विकत घ्यायचे, केवळ जर्मनीला मिळू नये म्हणून. भाव गगनाला भिडले, पोर्तुगालच्या डोंगरांत शेतकरी शेती सोडून दगड फोडायला लागले. शेवटी जून १९४४ मध्ये पोर्तुगालने निर्यात बंद केली. तोपर्यंत जर्मनीला त्या गोळ्यांवर कात्री चालवावीच लागली होती. तोफ की हत्यार, असा सरळ सवाल होता.

युद्ध संपलं. १९४८ या एकाच वर्षी दोन निकाल लागले. ३१ जुलैला न्युरेंबर्गमध्ये आल्फ्रीड क्रुप यांना गुलाम मजूर वापरल्याबद्दल आणि जिंकलेल्या देशांची लूट केल्याबद्दल बारा वर्षांची शिक्षा आणि मालमत्ता जप्ती. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जी.ई., तिची कार्बोलॉय कंपनी आणि काही अधिकाऱ्यांना विडियाच्या भावाच्या कटाबद्दल दोषी धरलं. युद्धामुळे तो खटला इतकी वर्षं थांबवून ठेवला होता. सगळ्यांचा मिळून दंड ५६,००० डॉलर.

छप्पन हजार डॉलर. ४५३ च्या भावाने हे झाले साधारण सव्वाशे पौंड कार्बाइड. एका माणसाच्या वजनाएवढा माल! आल्फ्रीड क्रुपसुद्धा १९५१ च्या सुरुवातीला माफी मिळून बाहेर आले आणि मालमत्ताही परत मिळाली. न्याय झाला की नाही ते तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं की ज्या छोट्या टूल रूम त्या वीस वर्षांत मागे पडल्या, त्यांची नावं कुठल्याच निकालपत्रात नाहीत.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या तांत्रिक अडचणींकडे येतो. भाव उतरला तरी विडियाचा पंच करायचा कसा? पोलाद आधी मऊ असताना हवं तसं कापता येतं आणि मग उष्णता देऊन कडक करता येतं. विडियाला ही सोय नाही. भट्टीतून आलं ते आलं, त्यानंतर त्याला घासणारा फक्त हिरा. हिऱ्याच्या पुडीची ग्राइंडिंग चाकं १९३० च्या दशकात आली. गोल पंच त्यावर होतो. पण वाकडातिकडा आकार, दातेरी भोक, टोकदार कोपरा? मग डायचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा घासायचा आणि कोड्यासारखे जोडायचे. हे काम करणारे कारागीर म्हणजे जवळपास घड्याळजीच.

सुटका झाली ती सोव्हिएत रशियातून, आणि तिचाही संबंध टंगस्टनशीच! बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे वैज्ञानिक दांपत्य. ठिणगी पडून टंगस्टनचे विजेचे काँटॅक्ट झिजतात, ती झीज थांबवायचं काम त्यांच्याकडे होतं. झीज काही थांबेना. तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी प्रश्नच उलटा केला. ठिणगी जर एवढा कडक धातू खात असेल तर तिला हवं तिथे आणि हवं तेवढंच खायला लावू! तीच आपली स्पार्क इरोजन पद्धत. मटेरियल किती कडक आहे याच्याशी ठिणगीला देणंघेणं नाही, वीज वाहिली की पुरे. आणि विडियातून वीज वाहते. १९६० च्या दशकाच्या शेवटी वायरकट मशीन आलं, म्हणजे करवतीच्या पात्याऐवजी पितळी किंवा तांब्याची बारीक तार आणि ठिणग्या. विडियाच्या ठोकळ्यातून पाहिजे तो आकार कापून काढायचा. टूल रूमचं गणितच बदललं.

त्यानंतर विडियाचे पंच जिथे पोचायला हवे होते तिथे पोचले. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या चकत्या सिलिकॉन स्टीलच्या असतात, तो पत्रा सँडपेपरसारखा धार खातो. तिथे पोलादी पंचला जेव्हा पुन्हा पुन्हा धार लावावी लागते, तेव्हा विडियाचा पंच त्याच्या दहापट आणि जास्तही स्ट्रोक मारून जातो. अॅल्युमिनियमच्या कॅनला आतून पातळ ताणणारा पंच विडियाचा. नट-बोल्टची डोकी थंड धातूत ठोकून बसवणाऱ्या डाय विडियाच्या. आणि हो, तुमच्या खिशातल्या बॉलपेनच्या टोकाची ती इवलीशी गोळी, बहुतेक वेळा तीसुद्धा.

पण तो नाजूक राजपुत्र आहे हेही सांगायला हवं. प्रेसचा रॅम ढिला असेल, पंच आणि डायमधलं अंतर एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त असेल, तर पोलादी पंच वाकेल, कुरकुरेल, पण चालेल. विडियाचा पंच सरळ टवका उडवून मोकळा. म्हणून जुन्या सी-फ्रेम पॉवर प्रेसवर तो घालण्यात अर्थ नसतो. आधी प्रेस ताठ पाहिजे, गाइड पिलर नीट पाहिजेत, सेटिंग करणारा माणूस शहाणा पाहिजे. महाग हत्यार विकत घेता येतं, त्याच्या आजूबाजूची शिस्त हळूहळूच येते.

आपल्याकडे हे कसं आलं? स्वीडनच्या सँडविकने १९४२ मध्ये 'कोरोमंट' नावाने कार्बाइड सुरू केलं होतं. १९६० मध्ये तिने पुण्यात सँडविक एशिया काढली, मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला. १९६४ मध्ये बंगळुरूला विडिया इंडिया आली. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा पट्टा त्याच सुमारास वाढत होता. मोटारगाड्यांचे कारखाने आले, त्यांना पार्ट पुरवणाऱ्या हजारो लहान प्रेस शॉप आणि टूल रूम आल्या. त्या शेडमध्ये 'विडिया' हा शब्द जो रुजला तो कायमचा. माल सँडविकचा असो नाहीतर चीनचा, म्हणायचं विडियाच. वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

आणि केनामेटल? मकेनांच्या त्या कंपनीने २००२ मध्ये आख्खा विडिया ग्रुपच विकत घेतला. बंगळुरूची कंपनी आज केनामेटल इंडिया या नावाने चालते. ज्या नावाने एकेकाळी अमेरिकेचा बाजार बांधून ठेवला होता, ते नाव आता एका अमेरिकन कंपनीचा एक ब्रँड आहे.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण जगात निघणाऱ्या टंगस्टनपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आज एकट्या चीनमधून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या अनेक पदार्थांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्याच महिन्यात काँगोने कोबाल्टची निर्यात थांबवली आणि पुढे ऑक्टोबरपासून कोटा लावला. म्हणजे चिक्कीचे शेंगदाणे एकाच्या मुठीत आणि गूळ दुसऱ्याच्या! आपली राजस्थानातली डेगाणाची टंगस्टनची खाण १९९० च्या दशकात बंद पडली. नागपूरजवळच्या कुही-खोबना पट्ट्यात खनिज आहे, पण त्यातून माल निघत नाही. आपण जवळजवळ सगळं टंगस्टन बाहेरून आणतो.

१९२८ मध्ये मूठ पेटंटची होती, ती कोर्टात सुटली. आजची मूठ खाणींची आणि शुद्धीकरण कारखान्यांची आहे, ती कोर्टात सुटणारी नाही. पण एक जमेची बाजू आहे. विडिया झिजतं, नाहीसं होत नाही. तुटलेला पंच, बोथट टीप, सगळं परत पूड करून नवीन माल करता येतो. म्हणूनच भंगारवाले विडियाचे तुकडे लोखंडातून वेगळे काढून मागतात आणि त्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव देतात. आपल्या शेडमधल्या पत्र्याच्या डब्यांत साठलेले ते तुकडे हीसुद्धा एक खाणच आहे, आणि ती तरी आपल्या हातातली आहे. तुमच्यापैकी कोणाचं प्रेस शॉप किंवा टूल रूम असेल तर तो डबा किलोच्या भावात घाईघाईने देऊन टाकू नका, एवढंच सांगतो.

असो. लेख नेहमीसारखाच लांबला. चहा गार झालाय आणि सोमवारचा रिलीज डोक्यावर आहे. पुढच्या वीकांताला भेटूच!